साष्टीतला सैतान

१/
अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या भूभागावर वसली आहेत, त्याचे जुने नाव साष्टी. सहासष्ट गावांची ती साष्टी, अशी या नावाची रूढ व्युत्पत्ती. मडगाव आणि रायतूरच्या परिसरात, गोव्यातही एक साष्टी आहे. सोळाव्या शतकात या दोन्ही साष्टी पोर्तुगीज अमलाखाली आल्या. सत्तेमागोमाग धर्मोपदेशक आले आणि त्यांच्यापुढे एक चमत्कारिक प्रश्न उभा राहिला: सैतानाला इथल्या भाषेत म्हणायचे काय? या प्रश्नाला मिळालेले उत्तर आणि त्यामागचा दोन हजार वर्षांचा इतिहास, हा या थ्रेडचा विषय.

२/
गोव्याच्या साष्टीतील उत्तर एका ग्रंथात सापडते. फादर थॉमस स्टीफन्स हा १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. लिपी रोमन, भाषा मराठी, छंद ओवी, आणि ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या आसपास. या ग्रंथातील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगितल्या जातात. त्याच ग्रंथात सैतानासाठी वारंवार येणारा शब्द मात्र फारसा कोणी सांगत नाही. तो शब्द आहे ‘देवचार’.

३/
देवचार म्हणजे कोण, हे सिंधुदुर्गातून किंवा गोव्यातून उपनगरांत स्थायिक झालेल्या घरांना सांगावे लागत नाही. तो गावाच्या सीमेवरचा राखणदार. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, रात्री गावाभोवती फेरी. वाट चुकलेल्याला घरी पोहोचवतो, अशी त्याची ख्याती. रोट, विडी, दारू असा त्याचा मान. मग गावाच्या राखणदाराचे नाव विश्वातल्या सर्वांत दुष्ट शक्तीला कसे चिकटले? यात केवळ स्टीफन्सची शब्दनिवड शोधून भागत नाही. ‘सैतान’ ही कल्पना मुळात कशी घडली, ते पाहावे लागते.

४/
सैतान हे आरंभी कोणाचे नाव नव्हतेच. हिब्रू भाषेत ‘सातान’ हे साधे सामान्यनाम आहे. अर्थ: आडवा येणारा, विरोधक, आरोप करणारा. ‘गणना’ या पुस्तकात बलामची गाढवी वाटेत अडते, कारण समोर देवाचा दूत उभा असतो. तो दूत बलामला ‘सातान’ म्हणून, म्हणजे अडवणारा म्हणून, उभा आहे असे हिब्रू पाठ सांगतो. पहिल्या शमुवेलात पलिष्टी सरदारांना भीती वाटते की ऐन लढाईत दावीद आपला ‘सातान’ होईल. इथे एकीकडे देवदूत आहे आणि दुसरीकडे हाडामांसाचा योद्धा. शिंगे, शेपूट आणि नरक यांचा इथे मागमूसही नाही.

५/
पुढचा टप्पा ईयोबाच्या पुस्तकात दिसतो. परमेश्वराच्या दरबारात देवपुत्र हजर होतात आणि त्यांच्यात ‘हा-सातान’ असतो. ‘हा’ हे हिब्रूतील निश्चयवाचक उपपद. व्यक्तिनामाला ते सहसा लागत नाही, हुद्द्याला लागते. म्हणजे हा एक अधिकारी आहे. पृथ्वीवर फिरून माणसांची पारख करायची आणि दरबारात त्यांच्याविरुद्ध बाजू मांडायची, हे त्याचे काम. जखऱ्याच्या पुस्तकातही तो महायाजक यहोशवावर आरोप ठेवायला उभा आहे. आजच्या भाषेत हेर आणि सरकारी वकील यांचे मिश्रण म्हणता येईल. ईयोबाला तो छळतो खरा, पण परवानगी घेऊन आणि आखून दिलेल्या मर्यादेत.

६/
इथे अनेकांचा प्रश्न असतो: एदेन बागेतल्या सापाचे काय? ‘उत्पत्ती’चा तिसरा अध्याय नीट वाचला तर उत्तर सोपे आहे. तिथे साप आहे, तो धूर्त आहे, तो बोलतो. ‘सातान’ हा शब्द त्या संपूर्ण कथेत एकदाही येत नाही. शिक्षा मिळते तीही सापाची: पोटावर सरपटणे आणि माती खाणे. साप म्हणजेच सैतान हे समीकरण शतकानुशतके उलटल्यावर, नंतरच्या वाचकांनी त्या कथेवर ठेवले. चित्रे आणि सिनेमे पाहून वाढलेल्या वाचकाला ते मूळ कथेतच आहे असे वाटते.

७/
हुद्द्याचे नावात रूपांतर होताना पाहायचे असेल तर एकच कथा दोन ठिकाणी वाचावी. दावीद राजा प्रजेची शिरगणती करतो आणि राज्यावर मरी ओढवते. दुसऱ्या शमुवेलात दावीदाला त्या गणतीस प्रवृत्त करतो तो परमेश्वराचा कोप. हीच हकीकत इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात पुन्हा सांगितली आहे, आणि तिथे प्रवृत्त करणारा आहे ‘सातान’, तोही उपपदाविना. दुसरा लेखक बाबेलच्या बंदिवासानंतरचा, इराणी अमलातील किंवा त्यानंतर लगेचचा. देवाने स्वतः पाप घडवावे आणि स्वतःच शिक्षा द्यावी, हे त्याला पटेनासे झाले असावे. देवाच्या खांद्यावरचे ओझे दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर गेले.

८/
‘इराणी अमल’ म्हटले की सोशल मीडियावरचा एक लोकप्रिय दावा हमखास पुढे येतो: सैतान हा झरथुष्ट्री अंग्र मैन्यूची उचल आहे. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल इराण्यांच्या हाती गेले आणि त्यानंतर सुमारे दोन शतके यहुदी समाज त्यांच्या साम्राज्यात नांदला. प्रभाव पडला असणे अगदी शक्य आहे. पण ‘उचल’ हा शब्द फार सैल आहे. सृष्टीचा सविस्तर वृत्तान्त देणारा ‘बुंदहिश्न’सारखा पहलवी ग्रंथ आजच्या रूपात आला तो इस्लामच्या उदयानंतर. शिवाय उत्तरकालीन झरथुष्ट्री विचारात अहरिमन हा देवाने न निर्मिलेला प्रतिस्पर्धी आहे. बायबलमधला सैतान मात्र कायम देवाच्या ताब्यातलाच राहतो.

९/
या वादाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईतच घडला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३ मध्ये पारशी धर्मावर टीकाग्रंथ लिहिला. चांगल्या आणि वाईट अशा दोन मूलतत्त्वांवर विश्वास ठेवणे, हा त्यांचा एक मोठा आक्षेप. पारशी विद्वानांनी उत्तरे दिली. पुढे पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या मार्टिन हाउग यांचे निबंध १८६२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. गाथांमध्ये अहुर मज्द एकच असून दोन मैन्यू त्याच्या अधीन आहेत, असे त्यांनी मांडले. पारशी समाजाने ही मांडणी उचलून धरली. दुसऱ्याच्या धर्मातील दुष्ट शक्तीवर बोट ठेवणाऱ्याला आपल्या धर्मातील सैतानाचेही उत्तर द्यावे लागते, हे मुंबईने तेव्हाच पाहिले होते.

१०/
इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून यहुदी साहित्यात दुष्ट शक्तींची गर्दी होते. हनोखाच्या पुस्तकात स्वर्गातले ‘पहारेकरी’ मानवकन्यांवर भाळून खाली उतरतात. शेमिहाझा आणि अझाझेल हे त्यांचे म्होरके. ते माणसांना शस्त्रे घडवायला आणि जादूटोणा करायला शिकवतात. ‘युबिलींचे पुस्तक’ मास्तेमा नावाचा नायक उभा करते. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुंडाळ्यांत बलियाल आहे. हे सगळे एकाच पात्राची नावे नव्हती. एका मोठ्या प्रश्नाची ती वेगवेगळी उत्तरे होती: देव चांगला आहे, मग त्याच्या लोकांवर इतकी संकटे का?

११/
याच काळात हिब्रू शास्त्रांचे ग्रीक भाषांतर झाले, आणि त्यातील दोन शब्दांनी पुढचा इतिहास घडवला. पहिला: ‘सातान’साठी ‘दियाबोलोस’, म्हणजे चहाडखोर, आळ घेणारा. इंग्रजी ‘डेव्हिल’ आणि पोर्तुगीज ‘दियाबो’ त्याचेच वंशज. दुसरा शब्द स्तोत्रसंहितेतला. ९६ व्या स्तोत्रात राष्ट्रांचे देव ‘एलिलीम’ आहेत, म्हणजे निरर्थक, पोकळ, असे हिब्रू पाठ म्हणतो. ग्रीक भाषांतराने तिथे ‘दायमोनिया’ हा शब्द ठेवला. हिब्रूत परक्यांचे देव काहीच नव्हते. ग्रीकमध्ये ते ‘कोणीतरी’ झाले.

१२/
हा ‘दायमोन’ कोण? ग्रीकांसाठी तो देव आणि माणूस यांच्या मधला जीव. चांगलाही असेल, वाईटही. सॉक्रेटिसला चुकीच्या पावलापासून रोखणारा आतला आवाज हाही त्याच कुळातला. ख्रिस्ती वापरात हळूहळू त्याची चांगली बाजू गळून पडली आणि उरला निव्वळ दुष्टात्मा. गोव्याच्या साष्टीत देवचाराचे जे झाले ते ग्रीक दायमोनाचे आधीच होऊन गेले होते. वाट जुनी होती. स्टीफन्स तिच्यावरून चालला.

१३/
नव्या करारात विखुरलेले धागे एकत्र येतात. शुभवर्तमानांत सैतान अरण्यात येशूची परीक्षा घेतो. इथे जुना हुद्दा अजून ओळखू येतो, कारण काम पारख करण्याचेच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सांगतो की मूर्तींपुढचे बळी ‘दायमोनां’ना जातात. आणि प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात अजगर, तो प्राचीन साप, दियाबोलोस आणि सातान ही सगळी एकच व्यक्ती असल्याचे स्पष्ट शब्दांत येते. इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या पुस्तकापाशी आपण आलो, तेव्हा कुठे आजचा सैतान आकार घेताना दिसतो.

१४/
धर्मेतिहासाच्या अभ्यासक इलेन पेगल्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात यामागचा सामाजिक धागा उलगडला. सैतान हे परक्या शत्रूसाठीचे नाव नव्हते, ते निकटच्या शत्रूसाठीचे होते. कुमरानचे लोक बलियालचे अनुयायी म्हणून इतर यहुद्यांकडे बोट दाखवत होते. पहिले ख्रिस्ती आपल्याला न स्वीकारणाऱ्या यहुद्यांकडे, मग रोमी देवपूजकांकडे आणि शेवटी स्वतःतल्याच पाखंड्यांकडे. मराठीत याला नेमका शब्द आहे: भाऊबंदकी. बांधाला बांध लागून असतो तिथेच वैर अधिक तिखट होते. सैतान तशा वैराला वैश्विक रूप देतो, आणि मग तडजोड अशक्य होऊन बसते.

१५/
आता ‘लुसिफर’. यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या राजाचे विडंबनात्मक शोकगीत आहे. आकाशात सर्वांच्या वर आसन मांडू पाहणारा राजा खाली कोसळतो, आणि त्याला पहाटेच्या ताऱ्याची उपमा दिली आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन भाषांतर करताना त्या ताऱ्यासाठी ‘लुसिफर’ हा शब्द वापरला. लॅटिनमध्ये तो शुक्राच्या चांदणीसाठीचा रुळलेला शब्द, अर्थ ‘प्रकाश आणणारा’. त्याआधीच, तिसऱ्या शतकात, ओरिगेनने हे गीत आणि यहेज्केलातील सोरच्या राजावरचा विलाप सैतानाच्या पतनाशी जोडले होते. दोन राजांवरची राजकीय कविता अशी एका देवदूताचे चरित्र झाली, आणि एका ग्रहाचे नाव त्याचे विशेषनाम झाले.

१६/
चर्चला या कथेची गरज का भासली, हेही समजून घ्यावे. सैतान अनादि मानला तर देवाला बरोबरीचा वैरी उभा राहतो. देवाने त्याला दुष्टच घडवला म्हटले तर देव दोषी ठरतो. यावरचा तोडगा म्हणजे पतन: तो चांगला घडवला गेला, गर्वाने स्वतः बिघडला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने हीच भूमिका अधिकृत शब्दांत नोंदवली. तर्काच्या दृष्टीने ही मांडणी भक्कम आहे. तिचा मूळ हिब्रू वाक्यांशी असलेला संबंध मात्र बराच लांबचा आहे.

१७/
हे सगळे सामान घेऊन जहाजे गोव्याला लागली. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन सुरू झाले आणि त्याच दशकात साष्टीतील देवळे पाडली गेली. इकडे मुंबईच्या साष्टीतही खुणा आहेत. १५३४ च्या तहाने हे बेट पोर्तुगीजांकडे आले. बोरिवलीच्या मंडपेश्वर या शैव लेण्यात फ्रान्सिस्कन साधूंनी प्रार्थनामंदिर केले, आणि लेण्यात कोरलेला क्रूस आजही पाहायला मिळतो. परक्या देवाची जागा ‘रिकामी’ मानली असती तर ती तशीच सोडून देता आली असती. ती ‘दायमोना’ची मानली की ताब्यात घेऊन शुद्ध करावी लागते. ९६ व्या स्तोत्रातल्या त्या एका शब्दाचे वजन इथे कळते.

१८/
आता स्टीफन्सकडे परत. जुनी पुराणे वाचायला बंदी झालेल्या नवख्रिस्ती वाचकांसाठी त्याने नवे पुराण रचले. पहिल्या पुराणाच्या आरंभीच सृष्टी, देवदूत आणि लुसिफराचे पतन येते. त्याची शब्दनिवड बारकाईने पाहावी. स्वर्गासाठी तो ‘वैकुंठ’ हा शब्द घेतो. ग्रंथाला ‘पुराण’ म्हणतो. छंद संतांचा घेतो. वैष्णव परंपरेतील उंच शब्द त्याला देवाच्या वर्णनासाठी चालतात. नरकाच्या धन्यासाठी तो खाली उतरतो, गावकुसाबाहेर, शेतकऱ्याच्या राखणदारापाशी. आणि देवळांतले देवही त्याच्या लेखी देवचारच.

१९/
ही निवड निरागस म्हणता येणार नाही. पंडितांच्या परंपरेतून घेतलेल्या शब्दांना प्रतिष्ठा मिळाली, आणि लोकदैवताचे नाव पापाच्या खात्यात जमा झाले. त्यामुळे क्रिस्तपुराणाचे केवळ गोडवे गाणारे वाचन अपुरे आहे. ‘एका इंग्रजाने मराठीची थोरवी गायली’ हे वाक्य खरे आहे. त्याच इंग्रजाने, त्याच मराठीत, तिच्या बोलणाऱ्यांच्या राखणदाराला सैतान ठरवले, हेही तितकेच खरे आहे. भाषेवरचे प्रेम आणि त्या भाषकांच्या श्रद्धेविषयीचा तिरस्कार एकाच लेखणीत नांदू शकतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणायला शिकले पाहिजे.

२०/
यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या आहेत. पहिली: ‘तो त्याच्या काळाचा माणूस होता.’ बरोबर, पण काळ सांगणे हे स्पष्टीकरण झाले, माफीनामा नव्हे. दुसरी अधिक घातक: ‘पाहा, ख्रिस्ती लोक आपल्या देवांना सैतान म्हणतात.’ हे वाक्य वांद्रे, मरोळ किंवा वसईच्या आजच्या शेजाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचा आळ घेते. आळ घेणारा म्हणजे दियाबोलोस, हे वर आलेच आहे. शिवाय ईस्ट इंडियन समाजाची घरगुती बोली मराठीच आहे, आणि त्याचे पूर्वज याच साष्टीचे आगरी, कोळी, कुणबी, भंडारी. हा शेजारी बाहेरून आलेला नाही.

२१/
चर्चही तिथेच थांबलेले नाही. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले, तेव्हा अन्य धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना आदराने उद्धृत केली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे जाहीर केले. ‘राष्ट्रांचे देव दायमोन’ या जुन्या वाचनापासून हे फार लांबचे अंतर आहे. ग्रंथ तेच राहिले आणि वाचन बदलले. सैतान घडला तोही अशाच बदलत्या वाचनातून, म्हणून तो मऊही होऊ शकतो.

२२/
मराठीपुरता शेवट मात्र मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी बायबलने ‘सैतान’ हा शब्द घेतला. मूळ अरबी ‘शैतान’, आणि तो हिब्रू ‘सातान’चा सख्खा नातलग. म्हणजे दियाबोलोस, लुसिफर, देवचार असा वळसा घालून मराठी पुन्हा मूळ धातूपाशी आली. त्यामुळे ईयोबाचे पुस्तक आज मराठीत वाचणाऱ्यासमोर जुन्या शब्दाचा आवाज तरी आहे. त्याने फक्त एवढे करावे: ‘सैतान’ दिसला की मनात ‘आरोप करणारा’ असे वाचावे, आणि बघावे की कथा कशी उजळते.

२३/
आणि देवचार? त्याने चारशे वर्षे दोन नोकऱ्या केल्या. कोकणी ख्रिस्ती प्रार्थनांत तो सैतान म्हणून राहिला, आणि गावाच्या सीमेवर राखणदार म्हणून. गोव्यात आजही त्याला मान देणाऱ्यांत हिंदू आहेत तसेच ख्रिस्तीही आहेत. मोठमोठ्या परिषदांनी आणि छापील ग्रंथांनी ज्याला दुष्ट ठरवले, त्याला गावाने कामावरून काढले नाही. रात्री शेतातून परतणाऱ्याला वाट कोण दाखवतो, एवढेच गावाने पाहिले. (समाप्त)